इंटर्नला डॉगव्हॅनमध्ये बसवा

माझ्या अंबरनाथच्या दवाखान्यात जनावर कधी एकटं येत नाही. सोबत माणूस असतो आणि निम्मं निदान त्याच्या बोलण्यातच सापडतं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एक आजी पॉमेरेनियन कुत्र्याला घेऊन येतात. त्याला रोज सकाळी तुपातली कोकी, म्हणजे जाड सिंधी पोळी, लागते, म्हणून तो पिंपासारखा झालाय. बदलापूर गावातले एक काका म्हशीची कास सुजली म्हणून बोलावतात. तिथे गेल्यावर कळतं, जमीन बिल्डरला दिली आणि गोठा कुठे हलवायचा याची त्यांना जास्त काळजी आहे. औषध दोघांनाही लिहून देता येतं. आजींना कोकी बंद करा हे कसं सांगायचं आणि काकांना म्हैस विका म्हणायचं की ठेवा, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. अभ्यासक्रम देशभरासाठी भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते. प्राणिकल्याण त्यात नाही असं नाही. भूक-तहान, गैरसोय, वेदना आणि आजार, भीती यांपासून मुक्ती आणि जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, ही पाच स्वातंत्र्यं विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा याच पाचांचा आधार घेतला होता. पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्या मान्य केल्या. म्हणजे पाठांतर तेच राहिलं, निकाल फिरला. मधल्या काळात बैलाचं काय झालं हे ज्याला बघायचं असेल त्याने पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जनावरांच्या बाजारात एक दिवस काढावा. दात बघून वय सांगणारा शेतकरी तिथे जे शिकवील, ते एका सत्राच्या नोट्समध्ये मावणार नाही.

आणि कायदा? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आजही तेवढाच. बदलापूर स्टेशनहून बारवी धरणापर्यंत रिक्षा करा म्हटलं तर रिक्षावाला हसेल. तेव्हा जनावराचं भलं व्हायचं असेल तर दंडाच्या धाकाने होणार नाही, डॉक्टरच्या शब्दाला वजन असेल तर होईल.

तो शब्द आता फारच महागला आहे. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण, लसीकरण करून, जंताचं औषध देऊन त्यांना जिथून उचललं तिथेच सोडा. अपवाद रेबीज झालेल्या किंवा त्याचा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. हे सगळं वाचताना मी ‘आक्रमक’ या शब्दापाशी अडलो. ते ठरवणार कोण? सोसायटीचे लोक तरी थेट दवाखान्यात येतात.

बदलापूर पूर्वेच्या एका सोसायटीत जिन्याखाली कुत्री व्यायली आणि दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्या पोराला चावली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी कागद घेऊन हजर. ‘डॉक्टर, आक्रमक आहे असं लिहून द्या, गाडीवाले उचलून नेतील.’ मी बाहेर होतो. माझ्याकडे नुकतीच लागलेली डॉक्टर मुलगी टाके इतके सुबक घालते की मीही बघत राहतो. ती तो कागद हातात धरून नुसती उभी. मी आल्यावर आम्ही दोघं तिथे गेलो. कुत्री पोत्यावर पिल्लांना घेऊन बसलेली, कान मागे, शेपूट पोटाखाली. आम्ही पुढे सरकलो की गुरगुरायची, दोन पावलं मागे आलो की गप्प. अंगावर धावून येत नव्हती. दुधाचा क्रेट तिच्या पोत्याला खेटून ठेवत होते, भांडण तेवढंच. आधी पोराची लस विचारली, पहिला डोस झाला होता. कुत्रीवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितली, क्रेट गेटपाशी हलवला, जिन्याला आडवी फळी लावली आणि पिल्लांनी दूध सोडलं की तिचं ऑपरेशन करायचं ठरलं. सेक्रेटरी कुरकुरले, पण ऐकलं.

रिक्षात त्या मुलीने विचारलं, ‘सही केली असती तर?’ म्हटलं, पिल्लं मेली असती आणि रिकाम्या जिन्याखाली महिन्याभरात दुसरी कुत्री आली असती, लस न टोचलेली.

परळचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झालं ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाच्या धर्मादाय रुग्णालयाच्या साथीने. म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण दयाधर्माच्या अंगणातच वाढलंय. प्राणिकल्याण हे परदेशी फॅड आहे म्हणणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं. राज्याला दूध हवं, कुत्र्यांचे लाड कशाला, असंही मला ऐकवतात. पण जनावराची भीती ओळखता येणारा डॉक्टर म्हशीचं दूधही जास्त काढून देतो, हे कुठल्याही गवळ्याला विचारा. आणि प्रश्न फक्त दुधाचा आणि कुत्र्यांचाही नाही. जानेवारी 2019 मध्ये उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बंगल्यात बिबट्या शिरला होता. अशा वेळी भुलीची बंदूक भरण्याइतकंच गर्दीला मागे सारणंही यावं लागतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. इंटर्नशिपच्या वर्षातला एक महिना शहराच्या निर्बीजीकरण केंद्रात, कुत्री पकडणाऱ्या गाडीवर आणि तक्रार आलेल्या सोसायटीच्या दारात काढायला लावा, आणि त्याचे गुण धरा. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका यांनी हे काम एकत्र करावं; कॅम्प चार कुठे संपतो आणि अंबरनाथ कुठे सुरू होतं हे कुत्र्याला ठाऊक नसतं. परळ इथून एका लोकलच्या अंतरावर आहे. अभ्यासक्रम बदलायला परिषदेला वर्षं लागतील, पण महाविद्यालयाला पत्र लिहून इंटर्न मागवायला या तिघांना कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. ते पत्र या महिन्यातच जावं.