बाणाची जबाबदारी

संशोधन-नियतकालिकाकडे निबंध पाठवताना आता अनेक ठिकाणी एक चित्रही मागतात. ग्राफिकल अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे चित्रसारांश: अख्ख्या निबंधाचे सार एका चौकटीत. आपल्याकडच्या पुष्कळ जाणत्या प्राध्यापकांना हा प्रकार मान्य नाही. विज्ञानाची जाहिरात कशाला, असे ते विचारतात. शिवाय चित्रकार मोठ्या प्रयोगशाळांना परवडतात, भंडारा-साकोलीच्या महाविद्यालयाने ते कुठून आणायचे?

जाहिरातीच्या आक्षेपात तथ्य आहे. 'अॅनल्स ऑफ सर्जरी'तल्या 2017 च्या अभ्यासात, ट्विटरवर चित्रसारांशासह दिलेल्या निबंधांकडे सुमारे तिप्पट वाचक वळले. उलट 'मॉलिक्यूल्स'मधल्या 2016 च्या पाहणीत चित्र नसलेले निबंधच अधिक वाचले गेले. तेव्हा प्रसिद्धीसाठी चित्र काढा, हा युक्तिवाद लंगडाच. पण चित्रसारांशाची खरी बाजू प्रसिद्धीची नाहीच. तो काढताना संशोधकाची स्वतःची परीक्षा होते, म्हणून तो काढायचा.

समजा, साकोली तालुक्यातल्या एखाद्या मामा तलावावर निबंध आहे. कोहळी समाजाने तलाव बांधले आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते 'माजी मालगुजारी', म्हणजेच 'मामा' झाले, हा भंडारा जिल्ह्याचा इतिहास. आता काठावर बेशरमीची झुडपे माजली आहेत, देशी पाणवनस्पती हटल्या आहेत, मासे घटले आहेत. गद्यात 'बेशरमीचा प्रसार आणि माशांची घट यांत संबंध दिसतो' एवढे लिहून सुटता येते. चित्रात बेशरमीपासून माशापर्यंत बाण काढावा लागतो, आणि बाण म्हणजे 'यामुळे ते झाले' असा दावा. मग प्रश्न उभे राहतात. साचलेला गाळ कुठे दाखवला? शेतातून येणारे खत? बाहेरून आणून सोडलेले रोहू-कटला? तुडुमातून, म्हणजे तलावाच्या पाणी सोडायच्या दारातून, पाणी कधी सोडले, याची नोंद आहे का? जे मोजले तिथे सलग रेघ, जे नुसते अनुमान तिथे तुटक रेघ. कोणती रेघ काढावी हे ज्याला ठरवता येत नाही, त्याचा अभ्यास अजून अपुरा आहे. भाषा कितीही सफाईदार असो.

चित्रात गुंतागुंत हरवते, असेही म्हणतात. हरवतेच, म्हणून तर चित्राखाली संपूर्ण निबंध असतो.

राहिला खर्च. एल्सव्हिअर ही प्रकाशनसंस्था किमान 1328 बाय 531 पिक्सेलची चौकट मागते आणि 13 बाय 5 सेंटिमीटरमध्ये ती वाचता यावी एवढी अपेक्षा ठेवते. त्यात चार आकृत्या आणि मोजके शब्द मावतात. चित्र काढायचे इंकस्केप हे सॉफ्टवेअर मोफत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र करवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. 2024 मध्ये 'फ्रंटिअर्स'च्या एका नियतकालिकात अशाच यंत्राने काढलेला, अवयव आणि नावे दोन्ही खोटी असलेला उंदीर छापला गेला आणि तो निबंध मागे घ्यावा लागला. एल्सव्हिअरला तर अशी चित्रे चालतच नाहीत.

आणि कच्चे चित्र आधी तलावावर न्यावे. पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्या धिवरांना कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने वाढतो हे ठाऊक असते. त्यांच्या ज्ञानावर प्रबंध लिहिले जातात, पण ते इंग्रजीत असल्याने तपासायची संधी त्यांना कधी मिळत नाही. पाळ, तुडूम, बेशरम आणि मासा यांचे चित्र ते तपासू शकतात, आणि एखादा बाण उलटा पडला असेल तर तो छापण्याआधी दाखवून देतील.