लाखोरीवर बंदी आहे म्हणतात, मग ती जाते कुठं?

पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या ताटातला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

अन्नातली भेसळ म्हटलं की आपल्याला दिवाळीतला खवा आठवतो. अन्न व औषध प्रशासनाच्या धाडीचा फोटो येतो, आम्ही पत्रकार बातमी लावतो, आठ दिवसांत विषय संपतो. पण आपल्या भंडारा जिल्ह्यातच पिकणाऱ्या, कायद्यानं विकायला मनाई असलेल्या डाळीबद्दल कोणी बोलत नाही. ती म्हणजे आपली लाखोरी.

शेतकऱ्याला लाखोरी सांगायची गरज नाही, शहरात गेलेल्या पोरांसाठी सांगतो. धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच दाणे फेकायचे. नांगरणी नाही, खत नाही, वरचं पाणी नाही. जिथं कालव्याचं पाणी पोचत नाही तिथं धानानंतर हेच एक हमखास पीक. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात, कुटार जनावरं खातात. गरिबाच्या घरी हीच तुरीची जागा घेते.

आता दुसरी बाजू. या दाण्यात ओडॅप नावाचं विष निसर्गतःच असतं. माणसानं महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोरीच खाल्ली, तर पाठीच्या कण्यातून पायाकडे जाणाऱ्या नसा खराब होतात. आधी पाय जड होतात, मग काठी लागते, मग दोन काठ्या, आणि काही जणांना सरपटावं लागतं. डोकं मात्र शाबूत राहतं. गेलेली ताकद परत येत नाही, यावर औषध नाही. जास्त करून तरुण, कष्टकरी पुरुष यात सापडतात. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात.

ही ऐकीव गोष्ट नाही. १८३० च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं सागर भागातलं लिहून ठेवलंय: गहू बुडाला, लोकांनी तिवडा म्हणजे हीच डाळ खाल्ली आणि धडधाकट पोरांचे पाय गेले. पुढे रीवा भागात जमीनदार वेठबिगारांना मजुरीच लाखोरीत द्यायचे, तिथंही तेच झालं. १९४२ मध्ये युक्रेनमधल्या व्हाप्न्यार्का छावणीत रुमानियाच्या सरकारनं ज्यू कैद्यांना हीच डाळ खाऊ घातली आणि शेकडो माणसं लंगडी झाली. तिन्ही ठिकाणी खाणाऱ्याला दुसरं काही मिळतच नव्हतं, हे लक्षात ठेवा.

म्हणूनच आपल्याकडचा म्हातारा म्हणतो, "आमच्या बापजाद्यायनं खाल्ली जी, कोनाचे पाय गेले?" त्याचंही खरं आहे. आपण भाताबरोबर वाटीभर वरण खातो, वर भाजी असते, अधूनमधून मासे असतात. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी कित्येक वर्षं हेच सांगत बंदीविरुद्ध लढले. त्यांच्याच संस्थेच्या याचिकेवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साध्या मिठावरच्या सरसकट बंदीचा नियम रद्द ठरवला होता, म्हणजे माणूस हवेत बोलणारा नव्हे. पण "आमच्याकडे कोणाला झालं नाही" एवढ्यावर मी तरी गप्प बसणार नाही. ज्या घरी भाजीला पैसे नाहीत, तूर परवडत नाही, त्या घरी वाटीभर वरणाचं दोन वाट्या कधी होतं ते कोणी मोजत नाही.

बंदीची गंमत बघा. १९६१ साली केंद्रानं विक्रीवर बंदी आणली. मधल्या काळात आपल्या राज्यानं ती सैल केली. पण २०११ च्या केंद्रीय नियमांत लाखोरी, तिचं पीठ आणि हरभऱ्यात मिसळलेली लाखोरी विकायला पुन्हा मनाई. २०१६ च्या सुरुवातीला कमी विषाच्या वाणांच्या जोरावर बंदी उठणार अशा बातम्या आल्या, आम्हीही छापल्या, नियम आहे तिथंच राहिला. शेतकऱ्यानं पेरायला मात्र आपल्याकडे कोणी अडवत नाही! पिकवा, पण विकू नका. मग पोती जातात कुठं?

माझा मुद्दा इथं आहे. हमीभाव नाही, उघड बाजार नाही, म्हणून शेतकऱ्याला पडेल भाव घ्यावा लागतो. स्वस्तात घेतलेला हा माल तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीत मिसळला की त्याच भावानं खपतो. अख्खा दाणा ओळखता येतो, चौकोनी आणि एका बाजूनं उतरता, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. डाळ भरडली की ओळखणं अवघड, बेसन झालं की डोळ्यानं अशक्य. घरी लाखोरी खाणाऱ्याला निदान माहीत असतं आपण काय खातोय. चौकात भजी खाणाऱ्याला काय माहीत? बंदीनं लाखोरी थांबली नाही, फक्त तिचं नाव पुसलं गेलं.

रायपूरच्या कृषी विद्यापीठानं प्रतीक आणि महातिवडा हे वाण काढलेत, दिल्लीच्या संस्थेनं रतन. यांत विष जुन्या वाणांपेक्षा बरंच कमी आहे. रायपूर आपल्याला काही परदेश नाही. लाखनी, साकोली, पवनीच्या शेतकऱ्याच्या हातात हे बियाणं कृषी खात्यानं द्यावं. त्याची डाळ तपासून, "लाखोरी" असं ठळक नाव लावून विकू द्यावी. आणि सुट्या बेसनाचे नमुने दिवाळीपुरते न घेता वर्षभर घ्यावेत, निकाल तालुकावार जाहीर करावेत. कोणाला वाटेल हा बंदी उठवायचा प्रचार आहे. वाटू द्या. ज्यांना पूर्ण बंदी हवी त्यांनी मग शेतकऱ्याला त्या बांधीत दुसरं काय पेरायचं ते सांगावं, आणि पाणीही आणून द्यावं.

तोवर घरात खाणाऱ्यांसाठी एवढंच. डाळ गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही फेका. विष बरंच उतरतं, सगळं नाही. रोज खाऊ नका, दुसऱ्या डाळींसोबत आलटून पालटून खा. घरातल्या कोणाचे पाय ताठरत असतील, चालताना टाचा उचलल्या जात असतील, तर वाताचं दुखणं समजून तेल चोळत बसू नका. डॉक्टरला दाखवा आणि लाखोरी खाता हे त्यांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आणि गावात यंदा व्यापाऱ्यानं लाखोरी काय भावानं घेतली ते मला कळवा. नाव छापणार नाही. तालुक्यागणिक भाव जमले की पुढची बातमी त्यावरच करायची आहे.