कागद जपले, आता भिंती

या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा चढताना पाहिला आणि धुळं आठवलं. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे तिथे वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद सांभाळले गेले. तीच माया आता भिंतींना हवी. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग विटा झडतात, तुळया कुजतात. (आणि त्या तुळयांवरचं कोरीवकाम! तसे सुतार आता आणायचे कुठून?) तालुक्यातालुक्यात असं मंडळ हवंच, आणि त्यानं पहिलं काम म्हणून चुना मळणाऱ्या जुन्या गवंड्यांना शोधून वाडेमालकांच्या दारी न्यावं.