जीपला डिझेल इंजिन बसवायचंय? आधी कागद, मग पाना



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या, जाळी दुरुस्तीला काढली, की घरातल्या मोडक्या गाडीकडे लक्ष जातं. यंदा कार्यालयात तीन-चार जणांनी एकच विचारणा केली आहे. "जुनी पेट्रोल जीप आहे, फोर व्हील आहे, इंजिन गेलंय. भंगारवाल्याकडे डिझेल इंजिन मिळतंय. संस्था कर्ज देईल का?"

माझं मत सरळ सांगतो. आरटीओच्या परवानगीचा कागद अर्जाला जोडलेला नसेल तर अशा कामाला संस्थेने कर्ज देऊ नये. आणि बहुतेक जुन्या जीपना हे काम करूच नये. हा संचालक मंडळाचा ठराव नाही, पण पुढच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. काहींना राग येईल, म्हणून कारणं आधीच लिहून ठेवतो.

ज्यांना हे काम करायचंय ते म्हणतात, "ट्रॉलरमध्ये ट्रकचं इंजिन बसवून आपण दर्या पालथा घातला, मग जीपमध्ये काय अडतं?" बरोबर, पण बोटीत आपण नुसतं इंजिन बसवतो का? गियर बॉक्स जुळवतो, शाफ्टची अलाइनमेंट बघतो, पंखा त्या इंजिनाच्या मापाचा घेतो, थंड करायची व्यवस्था बदलतो. इंजिन बदललं आणि पंखा तोच ठेवला की काळा धूर निघतो, इंजिन तापतं आणि डिझेल फुकट जातं. हे कोणत्याही तांडेलाला सांगावं लागत नाही. जीपलाही तोच हिशेब लागतो, फक्त तिथे पंख्याच्या जागी गियर, जॉइंट आणि क्राउन-पिनियन असतं.

आपल्याकडच्या तीन गियरवाल्या जुन्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन साधारण २२०० सीसीचं, चार हजार आरपीएमपर्यंत फिरणारं. कित्येक डिझेल इंजिनं ३२०० च्या आसपासच थांबतात. मागचा ॲक्सल तोच राहिला तर ज्या गाडीचा वेग शंभरापर्यंत जायचा ती ऐंशीला रडायला लागते. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसतात आणि जुन्या ड्रम ब्रेकवर भार वाढतो. ब्रेकला बूस्टर असेल तर आणखी एक गोष्ट. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला व्हॅक्युम मिळतो, डिझेलमधून तसा मिळत नाही, वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. तो नसला की पॅडल दगडासारखं होतं. शिवाय टाकीला डिझेलची रिटर्न लाईन, पाणी अडवणारा फिल्टर, मोठी बॅटरी, तगडा स्टार्टर, इंजिन बंद करायची वेगळी तार. बेल हाउसिंगला जोडपट्टी मारून इंजिन बसवलं आणि ती केसभर वाकडी गेली, तर क्लच आणि गियर बॉक्सचा शाफ्ट वर्षभरात खातो. भंगारवाला सांगतो ती किंमत फक्त इंजिनाची असते.

कंपनीनेही जीपला डिझेल दिलंच की. हो, ऐंशीच्या दशकात महिंद्राने एमएम ५४० मध्ये २११२ सीसीचं प्यूजोचं डिझेल इंजिन दिलं. पण गियर बॉक्सही चार गियरचा दिला. म्हणजे गाडी इंजिनाला जुळवून घेतली.

"रॅम्पवरून होडी ओढायला ताकद पाहिजे," हे दुसरं कारण सांगतात. ही ताकद मुख्यतः गियरमधून येते. जुन्या जीपचा पहिला गियर २.८०, लो रेंज २.४६ आणि ॲक्सल ५.३८. तिघांचा गुणाकार केला तर ३७ येतो. म्हणजे लो रेंजमध्ये इंजिनाचा जोर ३७ पट होऊन चाकाकडे जातो. धड चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला एवढं पुरतं. रॅम्पवर शेवाळ असेल आणि टायर गुळगुळीत असेल तर कोणतंही इंजिन बसवा, चाक जागेवरच फिरणार.

आता पैशाचा हिशेब करूया. जीप महिन्याला ४०० किमी चालते असं समजा. पेट्रोलवर लिटरला ८ धरले तर ५० लिटर, डिझेलवर १२ धरले तर ३३ लिटर. वाचले १७ लिटर. शंभर रुपये लिटर धरला तर महिन्याला १,७०० आणि मासेमारीच्या दहा महिन्यांचे १७,००० रुपये. सगळं काम दीड लाखात झालं असं धरलं तरी पैसे वसूल व्हायला जवळजवळ नऊ वर्षं लागतात. आपल्या वडिलांच्या काळी हे काम परवडायचं, कारण पेट्रोल आणि डिझेलच्या दरात मोठा फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने डिझेलचे दर खुले केले आणि तो फायदा आटला.

आणि इथे एक कडू गोष्ट बोलावी लागते. काहींच्या हिशेबात जीपचं डिझेल विकत घ्यायचंच नसतं, बोटीच्या कोट्यातलं कॅनभर वळवायचं असतं. बोटीच्या डिझेलवरचा व्हॅट सरकार परत देतं तो मासेमारीसाठी. एका जीपच्या टाकीत ते सापडलं तर चौकशी त्या एकट्याची होणार नाही, संस्थेच्या सगळ्या बोटींची फाईल अडकेल. तुमची बचत दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओतून होता कामा नये.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवर लिहिलेली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवायचं तरी आरटीओची परवानगी हवी आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवायला हवा. विनापरवाना बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खाजगी गाडीची पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी असते, तेव्हा इंजिन नंबर तपासला जातोच. भंगारातलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येणार.

सगळ्यात जास्त भीती मला विम्याची वाटते. पहाटे याच जीपमधून घरच्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला जातात. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असताना अपघात झाला तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. मग दवाखान्याच्या खर्चासाठी होडी विकायला काढावी लागेल.

मग ज्याचं इंजिन खरंच गेलंय त्याने काय करायचं? नवी फोर व्हील आपल्या आवाक्याबाहेर आहे, हे मान्य. मला तीन वाटा दिसतात.

पहिली, आहे तेच पेट्रोल इंजिन उतरवून बोअर-पिस्टनचं काम करून घ्या. त्याआधी मिस्त्रीला हातोडी घेऊन चासीखाली पाठवा. किनाऱ्यावरच्या गाडीला खारं पाणी आधी खातं. चासी आणि ब्रेकचे पाईप कुजले असतील तर कोणत्याही इंजिनावर पैसे घालू नका.

दुसरी, डिझेलच हवं असेल तर कंपनीतूनच डिझेल आलेली जुनी फोर व्हील जीप बघा. आरसीवर इंधन डिझेल असल्याची आणि इंजिन नंबर जुळत असल्याची खात्री करा. पुढे तिचं इंजिन बदलायची वेळ आली तर त्याच प्रकारचं घ्या आणि आरसीवर नोंदवा.

तिसरी वाट मला सगळ्यात पसंत आहे. ज्यांना गाडी फक्त रॅम्पवरून होडी ओढायला लागते, त्या सहा-सात जणांनी मिळून रॅम्पच्या डोक्यावर एक विंच बसवावा. जागेची परवानगी संस्था मागेल. अशा सामायिक कामाला कर्ज द्यावं असं मी स्वतः मंडळापुढे मांडेन.

ज्यांनी अर्ज दिले आहेत त्यांनी आरसी, विमा आणि मिस्त्रीचा लेखी अंदाज घेऊन कार्यालयात या. ज्यांनी बदल आधीच करून घेतलाय त्यांनीही या. आरटीओकडे काय करता येईल ते एकत्र बसून बघू. बंदीचे दोन महिने आहेत, नारळी पौर्णिमेच्या आधी मार्ग काढू.

आपला,
सचिव