पदवीधर झाला, पण वाट कोणी दाखवावी?

‘आमच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, वसतिगृह मिळते, मग ती खचतात कशी?’ हा प्रश्न आता केवळ परकेच विचारतात असे नव्हे. नोकरीस लागून अकोल्यास व अमरावतीस घरे बांधून राहिलेले आमचे सुशिक्षित बंधूही तो विचारू लागले आहेत. उत्तरही त्यांच्यापाशी तयार असते : पोरांत चिकाटी उरली नाही. आमच्या मते हे उत्तर असत्य आहे, आणि देणाऱ्याच्या सोयीचे आहे.

चिकाटीचीच गोष्ट काढावयाची तर बाबासाहेबांहून अधिक ती कोणाची? १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या विद्वानास राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यास १९२० साली ते पुन्हा निघाले, तेव्हा स्वतःच्या बचतीस शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची जोड लागली. घालविणारे पारशी, आणि हात देणाराही पारशीच! बाबासाहेबांनाही जेथे एकटी चिकाटी पुरली नाही, तेथे हिवरखेडच्या कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलाला ती कशी पुरावी?

ज्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, तेथे कोणती प्रवेशपरीक्षा द्यावी, कोणता मार्गदर्शक निवडावा, हे मुलाला जेवताजेवता कळते. आमच्या घरात ते कोण सांगणार? मी स्वतः पदव्युत्तर कायद्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मुदत सरल्यावर आठव्या दिवशी घेऊन गेलो होतो. कारकुनाने तो परत केला. त्याचा दोष नव्हता. मला मुदत सांगणारा कोणी नव्हता, एवढेच. तो अभ्यास राहिला तो राहिलाच.

शासनाची तऱ्हा पाहा. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ साली संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानात आठवड्यांमागून आठवडे बसावे लागले. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती थकलेली होती. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने भेदभावाविरुद्ध विनियम केले ते २०१२ साली. ते कागदावरच राहिले म्हणून या दोघांच्या मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम निघाले, आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांस स्थगिती दिली. मी वकील आहे. हक्कासाठी न्यायालयात भांडलेच पाहिजे, असेच मी म्हणेन. परंतु तारखांवर तारखा पडत असतात, तेव्हा मुलगा वसतिगृहाच्या खोलीत एकटा असतो.

त्याच्याजवळ कोण जाणार? वर्ध्यास अनूप कुमार यांनी २०१३ साली नालंदा अकादमी काढली. बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांनी २०१७ साली एकलव्य संस्था उभारली. खेड्यांतून पहिल्याप्रथम शिकणाऱ्यांना मोठ्या विद्यापीठांची दारे दाखविणे आणि त्यांना परस्परांची सोबत मिळवून देणे, हे दोन्ही ठिकाणचे काम. मूठभर माणसांनी ते केले. मग गावोगावचे विहार काय करीत आहेत?

‘विहार वंदनेसाठी आहे, नोकरीच्या चौकशीसाठी नव्हे,’ असे कोणी म्हणेल. नालंदा काय होते? महाविहारच ना? तेथे दूरदेशीचे विद्यार्थी वर्षानुवर्षे राहून शिकत होते.

तेव्हा हिवरखेडच्या विहारात एक वही ठेवावी. गावचा जो मुलगा वा मुलगी पदव्युत्तर अभ्यासास वा संशोधनास बाहेरगावी आहे, त्याचे नाव तीत लिहावे आणि समोर एका पदवीधराचे. त्याने पंधरवड्यातून एकदा फोन करावा. मार्गदर्शक भेटतो काय, खानावळीचे पैसे भरले काय, झोप लागते काय, हे विचारावे. संशोधन सोडून नोकरी धरावी असे मुलाला वाटले, तर त्याला पळपुटा म्हणू नये. मन फारच खचले असेल तर डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांकही त्या वहीत असावा.

येत्या रविवारी वंदनेनंतर वही उघडू. पहिल्या ओळीवर माझे नाव मी लिहितो. खालच्या ओळी अकोल्याच्या आणि अमरावतीच्या बंधूंसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत.