आधी करार, मग कॅमेरा

मॉडेलिंगच्या व्यवसायात विकला जातो तो व्यक्तीच्या प्रतिमेचा ठरावीक कामासाठी आणि ठरावीक काळापुरता वापर करण्याचा हक्क. म्हणूनच या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाला किंवा तरुणीला उंची, त्वचा आणि चालण्याची ढब यांच्याइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, कराराची भाषा समजणे आवश्यक आहे. नागपूर, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांतून मुंबईत येणाऱ्या नवोदितांना आरशासमोर काय करावे याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कागदावर सही करण्यापूर्वी काय पाहावे हे सांगणारे मात्र विरळ असतात. श्रम आणि कायदा यांच्या संबंधांची चर्चा करणाऱ्या या स्तंभात हा विषय घेण्याचे कारण असे की, झगमगाटामुळे मॉडेलिंग हे श्रमाचे काम आहे याचाच विसर पडतो, आणि जे काम श्रम म्हणून ओळखले जात नाही त्याला कायद्याचे संरक्षणही अपुरेच मिळते.

या व्यवसायातील पैशाची वाट प्रथम समजून घ्यायला हवी. वस्तू विकणारी कंपनी, म्हणजे क्लायंट, जाहिरात संस्थेला काम देते; जाहिरात संस्था प्रॉडक्शन हाउसकडून चित्रीकरण करून घेते; कास्टिंग डायरेक्टर त्या कामाला साजेसे चेहरे सुचवतो; आणि मॉडेलिंग एजन्सी, किंवा मुंबईत ज्याला को-ऑर्डिनेटर म्हणतात तो मध्यस्थ, मॉडेलच्या वतीने दिवस आणि दर ठरवतो. या साखळीत पैसा क्लायंटकडून मॉडेलकडे येतो आणि मध्यस्थ त्यातून आपले कमिशन घेतो. जेथे पैसा उलट दिशेने वाहू लागतो, म्हणजे नोंदणी शुल्क, ‘आर्टिस्ट कार्ड’, अमुकच छायाचित्रकाराकडून काढून घ्यायचा पोर्टफोलिओ किंवा सक्तीचा ग्रूमिंगचा वर्ग अशा नावांखाली काम मिळण्यापूर्वीच नवोदिताकडून रक्कम मागितली जाते, तेथे त्या माणसाची कमाई कामावर नसून इच्छुकांच्या आशेवर चालते, असे समजावे. ब्रिटनने २०१० मध्ये मॉडेलकडून असे आगाऊ शुल्क घेण्यास एजन्सींना कायद्याने बंदी केली. भारतात मॉडेलिंग एजन्सीसाठी स्वतंत्र परवान्याची अट घालणारा कायदाच नसल्याने ही कसोटी प्रत्येकाला स्वतःच लावावी लागते.

सुरुवातीला महागड्या पोर्टफोलिओची गरज नसते. पोर्टफोलिओ म्हणजे निवडक छायाचित्रांचा संग्रह, आणि कॉम्प कार्ड म्हणजे त्यांतील चार-पाच छायाचित्रे, उंची आणि मापे एका पानावर मांडणारे पत्रक. परंतु एजन्सी किंवा कास्टिंग डायरेक्टर प्रथम पाहतो ती साधी, मेकअपविरहित, दिवसाच्या उजेडात काढलेली समोरची, बाजूची आणि पूर्ण उभ्या अंगाची छायाचित्रे, जी घरच्या मोबाइलवरही काढता येतात. पुढे खर्च करून छायाचित्रे काढून घेतली तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ लक्षात ठेवावे, कारण त्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, उलट करार नसल्यास, ते काढून घेणाऱ्या व्यक्तीकडे जाते. याउलट ज्याला ‘कोलॅब’ म्हणतात, म्हणजे छायाचित्रकार आणि मॉडेल दोघेही मोबदल्याविना एकत्र काम करतात, त्या प्रकारात मालकी सामान्यतः छायाचित्रकाराची राहते. म्हणून ती छायाचित्रे कोण, कोठे वापरणार हे आधी लिहून घेणेच शहाणपणाचे ठरते.

कामाच्या करारात दिवसाचे मानधन आणि वापराचे मानधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रीकरणाच्या दिवसाचे श्रम एकदाच होतात, परंतु छायाचित्र पुढे वर्षानुवर्षे फलकांवर, वेष्टनांवर आणि समाजमाध्यमांवर झळकू शकते, आणि त्यामुळे माध्यम कोणते, प्रदेश कोणता, मुदत किती आणि त्या मुदतीत प्रतिस्पर्धी उत्पादनाची जाहिरात करण्यास मनाई आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे करारात स्पष्ट असली पाहिजेत. ‘सर्व माध्यमांत, जगभर आणि कायमस्वरूपी’ असे शब्द असलेल्या कागदावर एका दिवसाच्या मानधनात सही करणारा मॉडेल आपल्या भविष्यातील कामांवरही पाणी सोडत असतो, कारण ज्याचा चेहरा एका टूथपेस्टशी कायमचा जोडला गेला आहे त्याला दुसरी टूथपेस्ट कंपनी घेत नाही.

एजन्सीशी होणाऱ्या एक्सक्लुझिव्ह करारात, म्हणजे केवळ त्याच एजन्सीमार्फत काम करण्याच्या बंधनात, मुदत, कमिशन आणि बाहेर पडण्याची रीत पाहावी. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारा करार शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक, ठरवते. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याच्या जाहिरातींचे व्यवस्थापन करणारी कंपनी यांच्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन, मुदत संपल्यानंतरही नव्या कराराची पहिली संधी आपल्यालाच मिळावी असे म्हणणारे कलम अवैध ठरवले. मुदत चालू असताना घातलेले बंधन मात्र सामान्यतः टिकते, आणि म्हणून ‘नंतर पाहू’ या भरवशावर पाच वर्षांचा करार करणे धोक्याचे असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे प्रतिमेच्या वापराच्या प्रश्नाला नवे परिमाण आले आहे, कारण एकदा शरीराचे आणि चेहऱ्याचे सर्व बाजूंनी चित्रण हाती आले की मॉडेलला न बोलावताही त्याची डिजिटल प्रतिकृती नव्या कपड्यांत उभी करता येते. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने अशा प्रतिकृतीसाठी मॉडेलची स्वतंत्र लेखी संमती सक्तीची केली असून, एजन्सीचे कमिशन २० टक्क्यांवर आणि कराराची मुदत तीन वर्षांवर मर्यादित केली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली; परंतु उच्च न्यायालयाची पायरी चढणे नवोदित मॉडेलच्या आवाक्यातले नसते, आणि म्हणून प्रतिकृतीला मनाई करणारे एक वाक्य करारात लिहून घेणे हेच त्याच्या हातातले संरक्षण असते.

शरीराच्या सुरक्षिततेबाबत नियम साधे आहेत आणि ते संकोच न ठेवता पाळावेत. कामासाठी बोलावणाऱ्याने सांगितलेल्या ब्रँडच्या किंवा प्रॉडक्शन हाउसच्या अधिकृत क्रमांकावर खातरजमा करावी, ऑडिशन कार्यालयात आणि दिवसाच द्यावी, पहिल्या काही भेटींना सोबत कोणाला तरी न्यावे, आणि अंतर्वस्त्रांतील किंवा विवस्त्र ‘टेस्ट’ छायाचित्रे मोबाइलवर मागणाऱ्याशी संपर्क तोडावा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कायम नोकरीत नसलेल्या स्त्रीलाही लागू होतो. आस्थापनेत दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, आणि त्यासाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. हा कायदा पुरुष मॉडेलना संरक्षण देत नाही, आणि तरुण मुलांचेही शोषण होते हे मान्य करायला समाज अजून कचरतो, ही गंभीर उणीव आहे. तथापि, खासगी अवयवांची चित्रे संमतीविना काढण्याविरुद्धचे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ ई, तसेच फसवणूक आणि खंडणी यांविरुद्धच्या तरतुदी स्त्री-पुरुष भेद करत नाहीत. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

अठरा वर्षांखालील मुलांचा विचार वेगळा करावा लागतो. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार शून्य असतो, हे ब्रिटिश काळातील अंतिम अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच स्पष्ट केले आहे. बालकामगार कायद्याखालील नियमांनुसार चौदा वर्षांखालील बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, चित्रीकरणासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावी लागते. जाहिरातीत झळकणाऱ्या बाळाचे कौतुक करणाऱ्या किती पालकांना हे नियम ठाऊक असतात, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आरोग्य आणि उत्पन्न यांबाबतही व्यवहारी असावे. वजन आणि उंची यांचे गुणोत्तर दाखवणारा बॉडी मास इंडेक्स १८ पेक्षा कमी असलेल्या मॉडेलना माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने २००६ मध्ये मज्जाव केला, आणि फ्रान्सने २०१७ पासून मॉडेलसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचे केले. भारतात अशी कायदेशीर सक्ती नसल्याने उपाशी राहून मापे गाठण्याचा सल्ला नाकारण्याचे धैर्य मॉडेललाच दाखवावे लागते. मानधन अनेकदा काम झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी हाती येते. म्हणून प्रत्येक कामाचे बिल लेखी द्यावे, कापलेल्या कराची नोंद तपासावी आणि शिक्षण अर्धवट सोडू नये.

एवढी सारी सावधगिरी एकोणीस वर्षांच्या मुलीच्या किंवा मुलाच्या माथी मारून शासनाने मोकळे होणे न्याय्य नाही. मुंबई हे देशाच्या जाहिरात व्यवसायाचे मोठे केंद्र आहे, आणि म्हणून एजन्सी व को-ऑर्डिनेटर यांची सक्तीची नोंदणी, आगाऊ शुल्कावर बंदी, कमिशनची मर्यादा, ठरावीक मुदतीत मानधन आणि डिजिटल प्रतिकृतीसाठी स्वतंत्र संमती या पाच तरतुदींचा कायदा करण्याची पहिली जबाबदारी महाराष्ट्राची आहे. राज्याच्या कामगार विभागाने त्याचा मसुदा तयार करावा; आणि तो कायदा होईपर्यंत पालकांनी व नवोदितांनी, करार घरी नेऊन वकिलाला दाखवू न देणाऱ्या कोणाहीबरोबर काम करू नये.