युद्ध पाहिलेल्या सेनानीचा संयम

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत पुण्याचेही दोघे होते. ७ मेच्या पहाटे भारताने दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवर प्रहार केला आणि १० मेच्या सायंकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली. लगोलग दूरचित्रवाणीवर आणि नाक्यानाक्यांवर 'आताच का थांबलो?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. दुसऱ्याच दिवशी पुण्यात कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेच्या कार्यक्रमात माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी या उत्साहाला आवर घातला. युद्ध म्हणजे हिंदी चित्रपट नव्हे. आदेश मिळाल्यास सैनिक लढेलच, पण आपली पहिली पसंती वाटाघाटींना राहील, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

अन्य कोणी असे बोलले असते, तर त्याची संभावना भित्रा म्हणून झाली असती. नरवणे यांच्याबाबत ते सोपे नाही. पुण्यात जन्मलेले आणि ज्ञान प्रबोधिनीत शिकलेले नरवणे १९८० मध्ये शीख लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाले. श्रीलंकेतील शांतिसेनेतही त्यांनी काम केले. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान हुतात्मा झाले, तेव्हा लष्करप्रमुखपदी तेच होते.

त्यांच्या भाषणातील अधिक मोलाचा भाग सैन्याविषयी नव्हे, तर सीमेवरच्या मुलांविषयी होता. गोळीबार सुरू होताच रात्री-अपरात्री आसऱ्याकडे धावणाऱ्या मुलांच्या मनावरील आघात आयुष्यभर राहतो, भीषण दृश्ये पाहिलेली माणसे वीस वर्षांनंतरही घामाघूम होऊन जागी होतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याच आठवड्यात पूंछमध्ये तोफगोळ्यांनी नागरिकांचे प्राण घेतले होते. पुण्यात बसून युद्धाची मागणी करणाऱ्याला त्याची झळ लागत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

अर्थात, या भूमिकेवरही प्रश्न विचारता येतो. समोरचा देश दहशतवादाला आश्रय देत राहिला तर वाटाघाटी कोणाशी करायच्या? नरवणे यांच्याच कारकिर्दीत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी पाळण्याचे दोन्ही देशांनी पुन्हा मान्य केले. त्यानंतर गोळीबार बव्हंशी थांबला, सीमेलगतची शेती आणि शाळा सुरळीत झाल्या. परंतु पहलगाम टळले नाही. संयमाची मर्यादा इथे दिसते. तथापि, ती चार वर्षे सीमेवरील गावांना लाभली, ही गोष्ट कमी लेखण्याजोगी नाही.

दक्षिण मुख्यालय, खडकवासल्याची प्रबोधिनी यांमुळे लष्कराचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याला युद्धाची किंमत पाहण्यासाठी सीमेवर जावे लागत नाही. मणक्याला इजा होऊन कायमचे अपंगत्व आलेल्या जवानांसाठी खडकीत १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालू आहे. तोफा थांबल्यानंतरही तेथील चाकाच्या खुर्च्या रिकाम्या होत नाहीत.